उभा जन्म : गिरणी कामगारांच्या पायांचा इतिहास

मराठीत 'उभा' हा शब्द मानाचा आहे. संबंध आयुष्याला आपण 'उभा जन्म' म्हणतो, शेतात डोलणाऱ्या धान्याला 'उभे पीक' म्हणतो आणि कर्तासवरता झालेला मुलगा 'स्वतःच्या पायावर उभा राहिला' असे समाधानाने सांगतो. संकटात जे पाठीशी उभे राहतात ते आपले. पंढरीचे दैवतही कमरेवर हात ठेवून विटेवर उभे आहे, आणि त्याच्या उभे असण्यातच भक्तांनी त्याची माया पाहिली. विणकराच्या बोलीत तर अर्धे कापड उभ्या धाग्यांचेच असते.

या मानाच्या शब्दाखाली मात्र काही साधे शब्दप्रयोग दबून गेले आहेत. 'पाय भरून आले', 'पोटऱ्यांत गोळे आले', 'उभे राहून राहून पायांचे तुकडे पडले' ही वाक्ये घराघरांत रोज बोलली जातात. ती क्वचितच लिहिली जातात. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आणि त्यावरचे साहित्य वाचताना ही उणीव मला वारंवार जाणवत आली आहे. संप, मोर्चे, पुढारी, चाळी, भूक, दारू, क्षय, भजनी मंडळे आणि लाल बावटा यांनी ही पाने गजबजलेली आहेत. पण गिरणीच्या आत माणूस रोज दहा-बारा तास नेमके काय करत होता, असे विचारले तर पहिले खरे उत्तर 'तो उभा होता' असे द्यावे लागेल. या उभे राहण्याचा इतिहास लिहिणे कठीण का आहे, आणि तो लिहायचा झाल्यास कोठे शोधावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

१

उभ्याने काम करणाऱ्यांचे दुखणे वैद्यकाला ठाऊक नव्हते असे नाही. इटलीतील मोदेना येथे १७०० साली बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवरचा आपला प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ छापला. रोग्याला इतर प्रश्न विचारतानाच 'तू काम कोणते करतोस?' हेही वैद्याने विचारावे, असा आग्रह धरणारा हा माणूस. सुतार, लोहार, गवंडी अशा उभ्याने काम करणाऱ्यांसाठी त्याने ग्रंथात स्वतंत्र प्रकरण दिले. त्यांच्या पायांच्या शिरा फुगतात हे त्याने नोंदवले, आणि चालण्याधावण्यापेक्षा थोडा वेळ स्तब्ध उभे राहणेच माणसाला अधिक का थकवते, हा मोठा मार्मिक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर असे : चालताना स्नायू आळीपाळीने काम करतात, एक ताणला जातो तेव्हा दुसरा सैलावतो; उभे राहताना मात्र तेच स्नायू अखंड ताणलेले राहतात. उपाय म्हणून त्याने मधूनमधून बसावे, चालावे, उभे राहण्यात खंड पाडावा, असे सुचवले. तीनशे वर्षांनंतरचे शरीरविज्ञान या निदानात तपशिलांची भर घालते, पण त्याचा गाभा बदलत नाही.

रामाझ्झिनीचा सुतार मात्र आपल्या मर्जीने खंड पाडू शकत होता. रंधा बाजूला ठेवून ओंडक्यावर टेकायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. यंत्र आले आणि ही मुभा गेली. इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांत मुले व स्त्रिया किती तास उभ्या असतात, त्यांचे गुडघे आणि घोटे कसे वाकडे होतात, याच्या साक्षी १८३२ व १८३३ च्या संसदीय चौकशांत नोंदल्या गेल्या. १८४५ साली फ्रिडरिख एंगेल्सने इंग्लंडमधील कामगारवर्गावर जे पुस्तक लिहिले त्यात या साक्षींचा आधार घेतला आहे. गिरणीत बसण्याची सोय नसते, खिडकीच्या कठड्यावर किंवा टोपलीवर क्षणभर टेकलेला कामगार सापडला तर त्याला दंड होतो, आणि या सक्तीच्या उभे राहण्यातून पायांच्या शिरा फुगणे, व्रण होणे, पाठीचा कणा व पाय वाकणे ही दुखणी उद्भवतात, असे त्याने लिहिले. इथे दंड कामचुकारपणाचा नव्हता. सूत तुटत नसेल तर त्या क्षणी करण्यासारखे कामही नसे. दंड होता तो बसण्याचा.

कामाच्या दोन हालचालींमधली ही मोकळी फट, ज्यात शरीर क्षणभर टेकू पाहते, हाच माझ्या मते या इतिहासाचा धागा आहे. ती फट कोणाच्या मालकीची, याचे उत्तर मुंबईत तीन वेळा तीन प्रकारे दिले गेले.

२

कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापली आणि १८५६ साली मुंबईतील पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढच्या तीन-चार दशकांत ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग, डिलाईल रोड हा भाग गिरण्यांनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून माणसे आली. कामाचा दिवस घड्याळाने ठरत नसे, सूर्याने ठरे. उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. म्हणजे हिवाळ्यात दिवस आखूड आणि उन्हाळ्यात, शरीर आधीच घामाने निथळत असताना, तो अधिक लांब.

आत प्रत्येक खात्याचे उभे राहणे वेगळे होते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. रिंग खात्यातला कामगार साच्याच्या कडेने फेऱ्या घाली. तुटलेली तार सांधत पुढे जाई. त्याचे पाय चालत असत. लूम खात्यातला विणकर दोन मागांच्या मधे जखडलेला असे. धोट्यातली कांडी संपली की ती बदलायची, उभा धागा तुटला की मागावर ओणवे होऊन तो सांधायचा, नाही तर कापडावर नजर ठेवून उभे राहायचे. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवलेली असे. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत प्रामुख्याने बायका असत. पायांखाली फरशी, कानांवर मागांचा अखंड खडखडाट, आणि अंगावर जॉबरची नजर. यात टेकायचे ते साच्याच्या कडेला, सुताच्या टोपलीवर, किंवा निमित्त काढून बाहेरच्या आवारात.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांकडे पाहिले. सात ते बारा वर्षे वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली, मोठ्यांबद्दल तो मूक राहिला. ही मूकता प्रथम मोडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले आणि 'दीनबंधु'चे संपादक असलेले लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील मागण्या आज वाचताना साध्या वाटतात : रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, कामावर जखमी झालेल्याला भरपाई मिळावी.

यातील दुसऱ्या मागणीपाशी थोडे थांबले पाहिजे. रविवारच्या सुट्टीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्या मानाने अर्ध्या तासाची आठवण कोणी काढत नाही. १८९१ च्या कायद्याने दुपारी गिरणी अर्धा तास थांबवणे बंधनकारक केले, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगाराला दिवसात एकदा, कोणाची नजर न चुकवता, जमिनीवर बसण्याचा हक्क मिळाला. चोरून मिळवायची फट पहिल्यांदा उघड झाली. लोखंडे यांनी पायांचे नाव घेतले नव्हते; पण माणूस यंत्राजवळ अखंड उभा राहू शकत नाही, एवढे त्या अर्ध्या तासाने सांगितले होते.

३

याच सुमारास युरोपात थकवा ही शास्त्राच्या अभ्यासाची वस्तू बनत होती. ट्युरिनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांचा 'ला फातिका' हा थकव्यावरील ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे मुंबईत अर्ध्या तासाचा कायदा आला त्याच वर्षी. मोस्सो यांनी 'एर्गोग्राफ' नावाचे यंत्र रचले होते. हात पट्ट्यांनी बांधलेला, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन. बोट वजन उचलत राहते आणि प्रत्येक उचल कागदावर रेघेने उमटते. रेघा हळूहळू आखूड होत जातात आणि शेवटी थांबतात. थकव्याला असे पहिल्यांदाच दृश्य रूप मिळाले. सिसिलीतल्या गंधकाच्या खाणींत ओझी वाहणाऱ्या मुलांची दुर्दशाही मोस्सो यांनी याच ग्रंथात मांडली. शास्त्र आणि करुणा त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती.

एर्गोग्राफला मोजता येत होती ती हालचाल. वजन किती वर गेले यावरून थकव्याचे गणित मांडले जाई. शालेय भौतिकशास्त्रात आपण सर्वांनी 'कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन' हे सूत्र घोकले आहे, आणि डोक्यावर ओझे घेऊन स्तब्ध उभा असलेला हमाल शून्य कार्य करतो या उदाहरणाने गोंधळलोही आहोत. गोंधळ रास्त होता. स्तब्ध उभ्या माणसाची पोटरी क्षणोक्षणी आकुंचन पावून शरीराला पुढे पडण्यापासून सावरत असते. पण काहीच हलत नसल्यामुळे सूत्रात तिचे मोल शून्य येते. काम मोजण्याची जी भाषा त्या काळात घडली तिला उचललेले वजन, विणलेले वार आणि घड्याळाचे तास दिसत होते. उभे राहणे दिसत नव्हते. १९११ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी 'शास्त्रीय व्यवस्थापन' मांडले तेही लोखंडाच्या लाद्या उचलणाऱ्याच्या उदाहरणाने. पुढे १९१६ मध्ये फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या दांपत्याने थकव्यावर पुस्तक लिहून कामगाराला खुर्ची द्या, बसणे व उभे राहणे आळीपाळीने होऊ द्या, असा आग्रह धरला. पण त्यांच्या खुर्चीमागेही अधिक उत्पादनाचा हिशेब होताच.

मुंबईत हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडला गेला. विजेचे दिवे आल्यावर गिरणीला सूर्याची गरज उरली नाही. १९०५ च्या सुमाराच्या तेजीत काही गिरण्या दिवसाचे चौदा-पंधरा तास चालू लागल्या. असंतोष वाढला, चौकशा झाल्या आणि १९०८ साली फॅक्टरी लेबर कमिशनचा अहवाल आला. त्यातील आणि तत्कालीन मालकवर्गाच्या मांडणीतील एक युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. हिंदी कामगार स्वभावाने शेतकरी आहे. तो सलग काम करत नाही. मधेच बाहेर जातो, विडी ओढतो, रेंगाळतो. तेव्हा चौदा तास गिरणीत असला तरी तो चौदा तास काम करत नाही. म्हणून प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर थेट मर्यादा घालण्याचे कारण नाही, असे आयोगाच्या बहुमताने मानले.

ज्याला 'रेंगाळणे' म्हटले गेले त्याकडे पायांच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे दिसते. रामाझ्झिनीने सांगितलेला उपाय, म्हणजे मधूनमधून चालणे, बसणे, उभे राहण्यात खंड पाडणे, कामगार आपल्या अनुभवाने अमलात आणत होते. आवारातली विडी ही पोटऱ्यांची विश्रांतीही होती. आयोगाने हे लक्षण पाहिले आणि ते स्वभावाच्या खात्यावर टाकले. बहुमताशी असहमती नोंदवणारे एक सदस्य डॉक्टर होते, हा योगायोग नसावा. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून कामगारांच्या शारीरिक ऱ्हासाकडे बोट दाखवले आणि प्रौढ पुरुषांच्या तासांनाही कायद्याने मर्यादा हवी असे बजावले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आणली. पुढे १९२२ मध्ये ती अकरा तास, १९३४ मध्ये दहा तास आणि १९४६ मध्ये नऊ तास झाली.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा आधी जागा झाला होता. १८९१ च्याच कायद्याने त्यांचा दिवस अकरा तासांचा केला आणि दीड तासाची विश्रांती सांगितली. जगभर असेच घडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली ओरेगॉन राज्यातील लाँड्रीत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी दहा तासांची मर्यादा उचलून धरली ती शंभरावर पानांच्या वैद्यकीय व सामाजिक पुराव्याच्या बळावर. हा पुरावा गोळा करण्यात जोसेफिन गोल्डमार्क यांचा वाटा मोठा होता. पण या सर्व ठिकाणी थकवा मान्य झाला तो भावी मातेचा म्हणून. पुरुषाच्या पायांना थकण्याची सवलत नव्हती, आणि स्त्रीला ती मिळाली तिची किंमत तिने वेगळ्या रीतीने मोजली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढे रात्रपाळी, प्रसूतिभत्ता व नवी वेगवान वाइंडिंग यंत्रे यांची कारणे पुढे येत गेली आणि त्यांची संख्या घसरत गेली.

४

आता दुसरे उत्तर. १९०८ मध्ये मालकपक्षाला फट दिसत होती ती लांब दिवसाच्या समर्थनासाठी. वीस वर्षांनी तीच फट उलट्या हेतूने पुढे आली. मंदी आणि जपानी स्पर्धेने गांजलेल्या गिरण्यांनी 'एफिशियन्सी'ची, म्हणजे कार्यक्षमतेची, योजना आणली. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, साच्याची एक बाजू पाहणाऱ्याने दोन्ही पाहाव्यात. युक्तिवाद असा की कामगाराचा बराच वेळ नुसता उभे राहण्यात जातो. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांचा जो प्रचंड संप झाला, त्यात गिरणी कामगार युनियनचा उदय झाला. या संपाच्या मुळाशी वेतनकपात आणि बेकारीची भीती होती, हे इतिहासकारांनी सांगितले आहेच. तीन माग म्हणजे तीन माणसांच्या जागी दोनच माणसे, हे गणित कोणालाही कळत होते.

पण 'आम्हांला तीन माग झेपत नाहीत' या तक्रारीत एक शारीरिक सत्यही होते. दोन मागांवर धागा तुटत नसे तेव्हा जी मिनिटे मिळत, त्यांवर पाय तगून होते. तिसऱ्या मागाने ती मिनिटे घेतली. कामाचे तास कायद्याने कमी होत असताना प्रत्येक तासाची वीण घट्ट होत गेली. म्हणूनच तासांच्या घटत्या आकड्यांवरून थकव्याचा इतिहास लिहिता येत नाही. १९०५ चे चौदा तास आणि १९३५ चे दहा तास यांत फरक होता खरा, पण पायांच्या हिशेबाने तो चौदा आणि दहा इतका सरळ नव्हता.

स्वातंत्र्यानंतर तिसरे उत्तर आले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचे कलम ४४ बसण्याच्या सोयीबद्दल होते. ज्या कामगारांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी प्रत्येक कारखान्यात बसण्याची योग्य व्यवस्था असावी, म्हणजे कामाच्या ओघात विश्रांतीची जी संधी मिळेल तिचा त्यांना लाभ घेता येईल, असा त्याचा आशय. एंगेल्सच्या पुस्तकातील दंड जिथे होता तिथे शंभर वर्षांनी स्टूल आले, ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र कलमाची रचना पाहा. संधी मिळाली तर बसा. संधी निर्माण करण्याची जबाबदारी कोणावरच नाही. आणि ज्या मिनिटांसाठी हे स्टूल ठेवायचे, ती मिनिटे तर कार्यक्षमतेच्या नावाने आधीच कापली जात होती. कायदा फट मान्य करत होता आणि कारखाना ती बुजवत होता. हा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने त्याची जागा घेतली, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि उभ्याने काम करणाऱ्यांच्या आसनाची तरतूद तिच्यातही आहे.

भरपाईच्या कायद्याकडे पाहिले तरी हेच दिसते. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या बिसिनोसिसला तीत पुढे जागा मिळाली. पोटरीवरच्या निळ्या, गाठाळलेल्या शिरांना ती मिळाली नाही. धूळ गिरणीची असते हे सिद्ध करता येते. पाय मात्र कामगाराचे स्वतःचे मानले जातात.

५

आता शरीराच्या बाजूने थोडे. पोटरीच्या आतल्या भागात 'सोलियस' नावाचा स्नायू असतो. उभ्या शरीराचा तोल मुख्यतः तो राखतो. शिवाय चालताना हाच स्नायू आवळून पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलतो, म्हणून पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणण्याची पद्धत आहे. माणूस स्तब्ध उभा राहिला की हा पंप मंदावतो. घोट्याजवळच्या शिरांतला दाब पाऱ्याच्या सुमारे नव्वद मिलिमीटरपर्यंत चढतो. चालू लागताच तो तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरतो. दरम्यान रक्त पायांत साठत राहते. 'पाय भरून आले' असे आपली माणसे म्हणतात तेव्हा ती उपमा देत नसतात. घडले ते जसेच्या तसे सांगत असतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सौम्य पण दीर्घकाळ चाललेल्या ताणाने स्नायूत एक विशिष्ट थकवा येतो, ज्याचे वर्णन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये केले. स्नायू पूर्ण जोर लावू शकतो, पण हलक्या चेतनेला द्यायचा प्रतिसाद क्षीण होतो, आणि ही अवस्था तासन्‌तास टिकते. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण व वयस्क स्त्री-पुरुषांना पाच तास उभ्याने हलके काम करायला लावले. मधे बसून घेतलेल्या छोट्या विश्रांती होत्या, अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टीही होती. तरीही विजेच्या हलक्या धक्क्याने पोटरीचा प्रतिसाद मोजला तेव्हा, काम संपून अर्धा तास बसून झाल्यावरही थकवा शिल्लक होता. वय किंवा लिंग यांनी त्यात विशेष फरक पडला नाही. आणि थकव्याची माणसाला असलेली जाणीव आणि स्नायूची मोजलेली अवस्था यांचा मेळ बसत नव्हता. पाय थकलेले होते. माणसाला ते पुरते ठाऊक नव्हते.

या निष्कर्षाने लोखंडे यांच्या अर्ध्या तासाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. तो अर्धा तास मिळवणे हा विजय होता; पण पोटऱ्यांच्या हिशेबाने तो अपुरा होता. भोंगा वाजला म्हणजे थकवा संपत नसे, तो कामगाराबरोबर घरी येई. घर म्हणजे बहुधा चाळीतली एक खोली. तीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, खानावळीचे जेवण, आणि जागा नसेल तेव्हा व्हरांड्यात पसरलेली वळकटी. पाय लांब करून पडायला पुरेशी जागा नसणे, हाही कामाच्या वेळेचाच पुढचा भाग मानला पाहिजे. गिरणीतल्या आठ, दहा, बारा तासांच्या आकड्यांत हे तास धरलेले नाहीत.

६

साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक अडचण आणि एक वाट दिसते. मौखिक इतिहासावर आपला मोठा भरवसा असतो, आणि तो योग्यही आहे. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी संकलित करून २००४ साली प्रसिद्ध केल्या. तो ठेवा नसता तर त्या जगाचा आवाजच हरवला असता. पण जो थकवा माणसाच्या जाणिवेतच पुरता येत नाही, तो त्याच्या साक्षीत कसा येणार? ज्याला आरंभ नाही आणि शेवट नाही, त्याची गोष्ट होत नाही. संपाची होते, अपघाताची होते, प्रेमाची होते. उभे राहण्याची गोष्ट सांगता येत नाही, म्हणून ती सांगितली गेली नाही.

मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' ही गिरणी कामगारांची कादंबरी लिहिली तेव्हा शीर्षकात गती आली. धोटा धावतो, आणि त्याच्या धावण्याकडे पाहत माणूस उभा असतो. काही काळ गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे, किंवा गिरणी कामगार दांपत्याने वाढवलेले नारायण सुर्वे यांनी कामगाराला मराठी साहित्याच्या मध्यभागी आणले, ते मुख्यतः झगडणारा, जाणता झालेला, ताठ मानेचा माणूस म्हणून. त्या काळाची ती गरज होती. ज्याला समाजाने वाकवले त्याला साहित्याने उभे केले. पण इथेच भाषेचा पेच आहे. 'उभा राहिलेला कामगार' ही प्रतिमा इतकी तेजस्वी झाली की उभे राहून थकलेला कामगार तिच्या सावलीत गेला. ज्या क्रियापदाने त्याचा गौरव केला, त्याच क्रियापदात त्याची पीडा होती.

१८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्यांचा तो अध्यायच मिटत गेला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकातले कुटुंब ज्या पोकळीत लोंबकळत राहते, तिचे नावच पायांखाली जमीन नसल्याचे आहे. परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल आले. तिथल्या काचेच्या दुकानांत, सुरक्षारक्षकाच्या जागी आणि विक्रीच्या टेबलामागे पुन्हा माणसे उभी आहेत. ब्रिटनने दुकानातल्या स्त्री-विक्रेत्यांसाठी आसनांचा कायदा १८९९ सालीच केला होता. आपल्याकडे कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या स्त्रियांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने लढा दिला, तेव्हा केरळने २०१८ मध्ये दुकानकायद्यात बसण्याचा हक्क लिहिला; तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. त्या स्त्रियांनी मागितलेली गोष्ट जगातल्या सर्वांत स्वस्त मागण्यांपैकी एक होती : एक स्टूल, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यावर बसण्याची मुभा. तेही सहज मिळाले नाही. कारण प्रश्न स्टुलाच्या किमतीचा नव्हता. रिकाम्या मिनिटाच्या मालकीचा होता.

इतिहासात ज्या गोष्टींची साक्ष मिळत नाही त्या वाचायच्या कशा, हा प्रश्न आपल्या वर्गांत नेहमी निघतो. या बाबतीत माझे उत्तर साधे आहे. कायद्यात बसण्याची परवानगी कोठे द्यावी लागली ते पाहावे. दंड कशासाठी होत होता ते पाहावे. 'आळशी', 'रेंगाळणारा', 'शेतकरी वृत्तीचा' ही विशेषणे कोणी, कोणत्या तासाला, कोणासाठी वापरली ते पाहावे. आणि घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाने आपल्या गिरणीच्या दिवसांबद्दल बोलताना संपाची हकिकत मधेच थांबवून नकळत पोटरी दाबली, तर तीही नोंदवहीत लिहून घ्यावी.